मुलीच्या मामाला बोलवा

ताडकळस, जि. परभणी
१५ जानेवारी

प्रिय पास्कू,

येशूची कृपा तुम्हां दोघांवर असो. तुझी सुकेळी पोचली. डबा उघडला तेव्हा वसतिगृहातल्या पोरी भोवती जमल्या. वाळवलेलं केळं त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. एकीनं वास घेऊन विचारलं, "अक्का, हे खायचं हाय का लावायचं?" मी म्हटलं, आधी खाऊन बघा, उरलं तर लावा. काहीच उरलं नाही. रेजिनाला सांग, तिच्या हाताची कीर्ती आता पूर्णा तालुक्यात पसरली आहे.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. मागच्या खेपेला तूच म्हणालास, "तुझ्या फोनला दोन मिनिटं झाली की प्रार्थनेची घंटा होते आणि तू मला देवाच्या हवाली करून फोन ठेवतेस." खोटं नाही ते. पत्राला घंटा नसते, म्हणून आज सावकाश लिहायला बसले आहे.

आनंदाची बातमी अशी, की आपल्या मनकर्णाच्या लेकीचं, भक्तीचं लग्न ठरलं. मुलगा पूर्ण्याचा, रेल्वेत नोकरीला. चार मे ही तारीख धरली आहे. काल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन मनकर्णा आली, बोलता बोलता हसली, आणि मग डब्याचं झाकण उगाच लावत-काढत बसली. कारण विचारलं तर म्हणाली, "समदं झालं अक्का, मामाचं तेवढं न्हाई झालं."

तुला समजावून सांगते. आपल्याकडे देवळात मुलीला बाप घेऊन येतो. इथे मांडवात मामा घेऊन येतो. नवरा पाटावर उभा राहतो, मध्ये अंतरपाट धरतात, आणि माइकवरून पुकारा होतो, "मुलीच्या मामाला बोलवा!" मग मामा भाचीचा हात धरून तिला आणतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. मनकर्णाच्या माहेरचं तर किल्लारीच्या भूकंपात कुणी उरलं नाही. मग मामा कुठून आणायचा?

मी रात्री विचार केला. मनकर्णा मला अक्का म्हणते. इथे अक्का म्हणजे थोरली बहीण. मी तिची बहीण, तर माझा भाऊ तिचा भाऊ. तिचा भाऊ म्हणजे भक्तीचा मामा. चाळीस वर्षं गणित शिकवते आहे. हे उदाहरण मला तरी कुठे चुकलेलं दिसत नाही.

येशील ना रे?

तुझी बाय,
सिस्टर इमेल्डा


भुईगाव, वसई
२८ जानेवारी

प्रिय बाय,

तुझं गणित बरोबर आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे.

मनकर्णा म्हणजे तीच ना? तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो, कारण मला सगळं लख्ख आठवतं. त्या भूकंपानंतरच्या नोव्हेंबरात माझं लग्न होतं. आपा आधीच गेलेले, आय त्याच वर्षी गेली. घरात मोठं माणूस म्हणून तू एकटी. मांडव पडला, वाजंत्री ठरली, आणि आदल्या दिवशी तुझं पत्र आलं, "एक लेकरू माझा पदर सोडत नाही. मला येता येणार नाही." पदर कापून तिच्या हातात द्यायचा होता आणि यायचं होतंस! तुम्हां सिस्टर लोकांच्या साड्या तशा साध्याच असतात, कुणाला कळलंही नसतं.

लग्नाचा अल्बम काल पुन्हा काढला. माझ्या उजव्या बाजूला जागा मोकळी आहे. फोटोवाला ओरडत होता, सरका, सरका. मी सरकलो नाही. ज्या पोरीमुळे ती जागा मोकळी राहिली, तिच्याच लेकीच्या लग्नात मी मामा म्हणून उभा राहू? तुझ्या त्यागाला मी कधी नावं ठेवली नाहीत, पण मलाही त्यात ओढू नकोस.

आणि मामा म्हणजे काय असतं ते मला काय ठाऊक? एकच बहीण, ती देवाला दिली. माझ्या दोन्ही पोरांच्या लग्नात रेजिनाचे भाऊ मामा म्हणून काय मिरवले! एकानं तर नवे बूट शिवून घेतले होते. मी आजवर कुणाचाच मामा झालो नाही. गल्लीतली पोरं मला अंकल म्हणतात, तेसुद्धा चेंडू वाडीत आला तरच.

शिवाय माझे गुडघे, तिकडचं ऊन, आणि फादर काय म्हणतील ते वेगळंच. रेजिना बरी आहे. ती तुझ्या बाजूची आहे, म्हणून या पत्रात तिला काही लिहू दिलेलं नाही.

तुझा पास्कू


ताडकळस
१२ फेब्रुवारी

प्रिय पास्कू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा नाही.

लग्नाला आले नाही त्याची माफी मी तेव्हाच मागितली होती. दर नाताळला पुन्हा मागावी असं वाटत असेल तर कळव, घंटेच्या वेळापत्रकात बसवून टाकते. पण एक गोष्ट मी तुला नीट कधी सांगितली नाही, कारण तू ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतास.

मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा चुडाव्याला पॅसेंजरमधून उतरले. हातात एक ट्रंक, डोक्यात वसईची मराठी. स्टेशनावर एका बाईनं विचारलं, "कुठं जायलाव बाई?" मी घाबरून म्हटलं, "मी सिस्टर आहे." तिनं माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "असू द्या, चला." शिकवायला आले होते, आणि वर्षभर पोरीच मला शिकवत होत्या. पाढे मी म्हणायचे, त्या माझं बोलणं दुरुस्त करायच्या. आज मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत धम्मशीला बसते. पहिलीत असताना ती फळ्याकडे पाठ करून बसायची, मास्तरीण आपल्यासारखी काळी नाही म्हणून तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता. आता ती मला सांगते, "अक्का, वर्गात खडूची भुकटी उडवू नका." मी ऐकते. कुणाला मुलं होतात, कुणाला मुख्याध्यापिका होतात.

आणि मग तो भूकंप. आम्ही मदतीला गेलो, परत येताना जीपमध्ये पाच मुली होत्या. चार दोन दिवसांत बोलायला लागल्या. मनकर्णा बोलेना, खाईना. माझ्या पदराचं टोक मुठीत धरायची आणि झोपेतही सोडायची नाही. मी फळ्याशी गेले की ती फळ्याशी. तुझ्या लग्नाला निघण्यासाठी मी खरंच पिशवी भरली होती रे. तिनं ती पिशवी पाहिली आणि तिला ताप भरला. मला जमलं नाही. आजही तसंच झालं तर जमणार नाही, हेही सांगून टाकते.

आता तुझी कारणं. गुडघ्यांना तेल लाव. फादरना विचारून बघ, माझ्यावर ढकलू नकोस. मे महिन्यात इथे ऊन असतं हे खरं, पण माणसंही असतात.

खरी अडचण वेगळीच आहे. मनकर्णाचे थोरले दीर दिनकरराव. सगळ्या घराचा कारभार तेच बघतात. ते म्हणतात, मामाच लागतो ना, मग आपला बन्सीधर उभा करू. बन्सीधर म्हणजे त्यांचा मेव्हणा. माणूस भला आहे. पण त्या पोरीनं सासरी सगळी वर्षं एकच ऐकलं, की हिच्या मागे कुणी नाही. आता लेकीच्या लग्नातही सासरच्याच सोयऱ्यातून मामा उसना घ्यायचा? ती तोंडानं 'चालंल' म्हणते. तिचं 'चालंल' मला चांगलं ओळखू येतं.

पुन्हा एकदा विचार कर.

तुझी बाय


भुईगाव
२५ फेब्रुवारी

प्रिय बाय,

विचार केला. माझ्याऐवजी सुकेळ्यांचा मोठा डबा पाठवतो आहे, वाडीतल्या सगळ्यांत चांगल्या घडाचा. लग्नात मामाच्या जागी ठेवा. माझ्यापेक्षा गोड आहे आणि उन्हात कुरकुर करणार नाही.

जास्त काही लिहीत नाही. रेजिना दोन दिवस बोलत नाही, आणि चहात साखर घालायची विसरते. मला वाटतं, मुद्दाम.

पास्कू


ताडकळस
१४ मार्च

भाऊंना मनकर्णाचा नमस्कार.

अक्कांनी मला शुद्ध लिहायला शिकवलं. पण भावाला शुद्ध लिहिलं की अर्ज केल्यासारखं वाटतं, म्हणून बोलते तसंच लिहायलेय. राग मानू नका.

मामाच्या जागी केळी ठेवा, असं तुमी लिहिलं ते अक्कांनी वाचून दाखवलं. आमी दोघी लय हसलो. मग मी घरी आले नि चुलीम्होरं बसून रडले. धूर नव्हता, तरी सासूला धुराचंच सांगितलं.

भाऊ, तुमी माझ्यावर रागावलाव ते बरोबर हाय. मला तवा काय कळत व्हतं? पदर सोडला की जमीन हालायली असं वाटायचं. धरला की थांबायची. त्या पदराच्या दुसऱ्या बाजूला कुणाचा भाऊ लग्नाला उभा हाय, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मोठी झाल्यावर सांगितलं. तवापास्नं दर दिवाळीला तुमची याद येती. तुमच्या वाटची बहीण मी घेऊन बसले, नि तुमाला साधं कधी इचारलंबी न्हाई.

थोरले भाऊजी म्हणाले, किरिस्ताव माणसाला मांडवात कसं उभं करायचं? आमचे मालक कधी भावासमोर तोंड उघडत न्हाईत. त्या दिवशी उघडलं. म्हणाले, "जमीन फाटली तवा हिला कुणी उचललं? आमच्यातल्यानं उचललं का? मामा वसईचाच." भाऊजी जेवणाच्या ताटावरनं उठून गेले, पण अर्ध्या घंट्यानं परत येऊन जेवले. माणूस खराब न्हाई, आवाज मोठा हाय.

मी तुमाला गळ घालत न्हाई. तुमचे गुडघे दुखतेत, हितं ऊन लय, समदं खरं हाय. बन्सीधर दाजी तयार हायत. लग्न काय कुणावाचून थांबत न्हाई. पण पुकारा झाला की बाया माझ्याकडं बघतील, हिचा भाऊ कंचा म्हणून. तवा मी कुणाकडं बघू, तेवढंच कळंना झालंय.

वहिनींना नमस्कार सांगा. आहेराची साडी त्यांना हिरवी घेऊ का मोरपंखी, तेवढं कळवा. तुमी न्हाई आलात तरी साडी घेणारच. मला वहिनी एकच हाय.

तुमची,
मनकर्णा महारुद्र


भुईगाव
२९ मार्च

प्रिय बाय,

रेजिनानं मला न विचारता मनकर्णाला कार्ड टाकलं. त्यावर फक्त एकच शब्द, 'मोरपंखी'. आता साडी घेतली जाणार, म्हणजे ती नेसायला जावं लागणार. बायकांनी मिळून मला घेरलं आहे.

रविवारी फादरना विचारलं. मनात होतं, ते नको म्हणाले तर सुटलो. ते हसत सुटले. म्हणाले, "पास्कोल, मामा व्हायला कुठला संस्कार लागत नाही, माया लागते. आणि परत आल्यावर जेवणाचं वर्णन नीट सांग." म्हणजे तोही रस्ता बंद झाला.

आता तू मला शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांग. मामानं मांडवात काय बोलायचं असतं? पाठ करायचं असेल तर आत्तापासून लागतो. हात कुठला धरायचा, डावा की उजवा? मुलगी रडायला लागली तर काय करायचं? मीच रडायला लागलो तर? सूट घालू ना? पोरांच्या लग्नात शिवलेला तीन तुकड्यांचा आहे, काळा. आपल्याकडच्या माणसानं लग्नात सूट नाही घातला तर घरी काही वाईट झालं असं वाटतं.

एक अट आहे. तू माझ्या शेजारी उभी राहायचंस. अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर. माझ्या लग्नातली ती मोकळी जागा त्या दिवशी भरून काढ, मग मी काही म्हणणार नाही.

तुझा पास्कू

ता. क. मनकर्णाचं पत्र मी तीनदा वाचलं. हे तिला सांगू नकोस.


ताडकळस
९ एप्रिल

प्रिय पास्कू,

हे पत्र बसून वाच, आणि रेजिनाला शेजारी बसव.

माझी बदली झाली. छत्तीसगडमध्ये, जशपूर भागात आमची एक शाळा आहे. तिथल्या सिस्टर एकाएकी आजारी पडल्या, वसतिगृहात साठ मुली आणि सांभाळायला एकटी तरुण सिस्टर. मदरनी विचारलं, "इमेल्डा, जाशील का?" आम्हांला असं विचारतात, पण तो प्रश्न नसतो हे दोघींनाही ठाऊक असतं. वीस तारखेला निघते. चार मेला मी इथे नसेन.

तू आता काय बोलणार ते मला ऐकू येतं आहे. "पुन्हा तेच केलंस, बाय." हो, पुन्हा तेच. तुझ्या शेजारची जागा या लग्नातही मोकळी राहणार. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं, आणि तरी मी जाते आहे. आम्ही व्रत घेतो तेव्हा गरिबीचं आणि ब्रह्मचर्याचं लोकांना मोठं वाटतं. मला ती दोन कधी जड गेली नाहीत. जड जातं ते आज्ञेचं. आणि गंमत बघ, त्यातूनच मला सगळं मिळालं. आज्ञा झाली म्हणून मी चुडाव्याला उतरले. मला विचारलं असतं तर मी वसईतच केळीच्या बागेत राहिले असते आणि तुझी डोकेदुखी झाले असते.

मनकर्णाला सांगितलं. मला वाटलं होतं ती पुन्हा पदर धरेल. तिनं माझी ट्रंक आवरायला घेतली. दशम्या निघायच्या दिवशी करून देणार आहे, तिखटाची पिशवी आत्ताच भरली, आणि म्हणाली, "जावा अक्का. तिकडं एखादी असंल पदर धरायला." मग दारामागे जाऊन डोळे पुसून आली. मीही खिडकीकडे तोंड करून पुसले. शाळेतल्या पोरी निरोप द्यायला नाचणार आहेत. धम्मशीला भाषण करणार आहे, आणि मला ताकीद दिली आहे की मध्ये व्याकरण दुरुस्त करायचं नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. मामानं काही बोलायचं नसतं. हात ती देईल तो धरायचा. ती रडली तर रडू द्यायचं, तू रडलास तर तुझंही कुणी अडवणार नाही. मंगलाष्टका संपेपर्यंत मागून हलायचं नाही, एवढंच काम. सूट घाल, पण आत बनियन सुती असू दे.

जा रे पास्कू. मी नाही, म्हणून तर जा.

तुझी बाय


जशपूर, छत्तीसगड
८ मे

प्रिय पास्कू,

पोचले. इथे डोंगर आहेत, साल आणि मोहाची झाडं आहेत, आणि लोक सादरी बोलतात. मला त्यातलं काही कळत नाही. पहिलीतली एक पोर मला रोज शब्द शिकवते आणि चुकलं की कपाळाला हात लावते. एकोणसत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसले आहे. इतकी मजा बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

पण चार तारखेला माझं कशात लक्ष नव्हतं. मुहूर्ताच्या वेळेला चॅपलमध्ये जाऊन बसले आणि मनातल्या मनात मीच पुकारा केला. इथे फोन लागत नाही, तुझं पत्र नाही, मनकर्णाचं नाही. गेला होतास का? एवढंच कळव. नसशील गेला तरी कळव.

बाय


भुईगाव
१३ मे

प्रिय बाय,

गेलो होतो. आता सगळं सांगतो, मध्ये घंटा वाजली तरी उठू नकोस.

देवगिरीनं सकाळी पूर्ण्याला उतरलो. मी काळ्या सुटात, रेजिनाच्या हातात केकचा खोका. हो, केक. आपल्याकडे लग्न म्हटलं की केक, तेव्हा मामाच्या घरून केक गेला पाहिजे असं माझं डोकं चाललं. रेजिनानं रात्रभर मांडीवर सांभाळला. वाइनची बाटली मात्र तिनं घरीच काढून ठेवली होती, त्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी राहीन. मांडवात पोचताच एका म्हाताऱ्या आजीनं खोका उघडून विचारलं, "ह्यात अंडं हाय का?" मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, पुष्कळ आहेत. देवक बसलेलं, घरात कडक सोवळं! मला वाटलं, मामा मांडवाच्या दारातूनच परत जातो. तेवढ्यात तुझी धम्मशीला पुढे आली, खोका उचलला आणि गोठ्यात नेला. पंधरा मिनिटांनी गोठ्यातून सगळी पोरं तोंड पुसत बाहेर आली. त्या आजीही त्यांच्या मागोमाग आल्या, त्यांनीही तोंड पुसलं होतं.

ऊन म्हणजे काय विचारू नकोस. माणसं माझ्याकडे आदरानं बघत होती. एकानं हात जोडून विचारलं, "साहेब कुठल्या खात्याचे?" भक्तीचे वडील महारुद्र म्हणाले, "मनकर्णाचे भाऊ हायत." तो माणूस निघून गेला आणि मग एकेक करून लोक मनकर्णाचा भाऊ बघायला यायला लागले. दिनकरराव लांबूनच बघत होते. मला वाटलं, आता वाद. ते आले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि मोठ्यांदा म्हणाले, "मामाच्या डोक्याला फेटा न्हाई, हे काय बरं दिसतं का?" स्वतःच्या हातानं बांधला. गुलाबी. खाली काळा सूट, वर गुलाबी फेटा. फोटो सोबत पाठवतो आहे, मदरना दाखवू नकोस. बन्सीधररावांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्याजवळ गेलो, तर ते म्हणाले, "सुटलो बुवा, मला आता निवांत जेवता येईल."

आणि मग तो पुकारा झाला. "मुलीच्या मामाला बोलवा!" सगळे माना वळवून बघायला लागले. मीही इकडेतिकडे बघायला लागलो. कुठे गेला हा मामा, वेळेवर सापडत नाहीत ही माणसं, असं माझ्या मनात आलंसुद्धा. रेजिनानं कोपर मारलं. बाय, त्या क्षणी मला कळलं की अख्खा मांडव माझ्यासाठी थांबला आहे. बायकांच्या गर्दीत मनकर्णा उभी होती. ती दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

भक्तीनं हात दिला. एवढ्या उन्हात तिचा हात थंडगार होता. आणलं तिला, आणि तिच्या मागे उभा राहिलो. तू म्हणालीस काही बोलायचं नसतं, पण मी हळूच म्हटलं, "घाबरू नकोस बेटा, मामा इथे आहे." गुडघ्यांनी एकदाही तक्रार केली नाही. तू नव्हतीस. शेजारची जागा मोकळी होती, पण या वेळी मला तिचा राग आला नाही. तू साठ पोरींमध्ये असशील हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, मला तुझा अभिमान वाटला. हे मी परत लिहिणार नाही.

पाठवणीच्या वेळी भक्ती माझ्या गळ्यात पडून रडली. सुटाची बाही अजून धुतलेली नाही.

संध्याकाळी घर रिकामं झालं. आम्ही ओसरीवर टेकलो होतो. मनकर्णा आली आणि म्हणाली, "भाऊ, वहिनी, तुमी दोघं जरा भाईर अंगणात व्हा." मला वाटलं, झाडून घ्यायचं असेल. बाहेर गेलो, तर ही दोन्ही हात पसरून दारात आडवी उभी. मागे सगळ्या बायका हसतायत. धम्मशीलानं मला समजावलं, की लग्न करून नवरा-नवरी घरी येतात तेव्हा नवऱ्याची बहीण अशी दार अडवते, आणि मागेल ते कबूल केल्याशिवाय आत सोडत नाही. मी म्हटलं, अहो पण आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली.

मनकर्णानं विचारलं, "तुमच्या लग्नात दार कुणी अडवलं व्हतं, भाऊ?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग तुमी अजून घरात गेलाच न्हाईत म्हणा की."

बाय, मी चौसष्ट वर्षांचा माणूस, डोक्यावर गुलाबी फेटा घालून परक्या अंगणात उभा राहून रडलो. रेजिना मोरपंखी साडीत माझ्या शेजारी उभी होती, तीही रडत होती आणि हसतही होती. मी विचारलं, काय हवं ते माग. मनकर्णा म्हणाली, "रीत अशी हाय की बहिणीनं भावाची लेक सून म्हणून मागायची. तुमाला लेक न्हाई. म्हणून मी दिवाळी मागते. दरसाल भाऊबीजेला हितं यायचं. कबूल असंल तर आत या, न्हाई तर रातभर तिथंच उभं ऱ्हावा." मी रेजिनाकडे बघितलं. ती म्हणाली, "कबूल करा लवकर, पाय दुखायला लागले."

कबूल केलं. तेव्हा या दिवाळीत तुला सुट्टी मिळाली आणि तू वसईला आलीस, तर घराला कुलूप असेल. किल्ली शेजारी ठेवून जातो, डब्यात सुकेळी असतील, चहा तुझा तू करून घे. आम्ही माझ्या बहिणीकडे गेलेलो असू.

तुझा पास्कू